दुसरा तंग

अध्यक्षसाहेब, काकू, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

एका शब्दानं माझं सगळं फिरलं. तो शब्द मीच बोललो. महिन्यापूर्वी, एका रविवारी सकाळी, पावणेअकराच्या सुमाराला, नदीकाठच्या मैदानात. शब्द होता, 'झाला.' एवढाच. त्याच्या आधीचा मी वेगळा होतो. आज तुमच्यासमोर उभा आहे तो नंतरचा.

मला भाषण येत नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला मुलगा मी. माझ्या आधी चार जण बोलले. चौघांच्याही हातात कागद होते. माझ्या हातात काही नाही.

मागच्यांनो, एक विनंती. ते दार असंच उघडं राहू द्या. या वाचनालयाचं दार फुगलंय, जोर लावल्याशिवाय बसत नाही. माझं त्याच्याशी शेवटी काम आहे.

दफेदार घोलप गेले. तुमच्यासाठी दफेदार, माझ्यासाठी उस्ताद. चौघा वक्त्यांनी सांगितलं की ते फार मोठे होते. कुणी म्हणालं शिस्त, कुणी म्हणालं परंपरा. डॉक्टरसाहेब, तुम्ही तर डोळे पुसलेत. तीन आठवडे उस्ताद दवाखान्यात पडून होते. तुम्ही एकदा तरी आलात? डॉक्टर असून? पंधरा जणांची आपली बॅच. पंधरांतले किती आले? मी रोज तिथं होतो, त्यामुळे मला माहीत आहे. उगाच खाली बघू नका, खाली फक्त सतरंजी आहे.

नाही, पाटीलकाका, मी बसणार नाही. तुम्ही बसा. माझं नाव यादीत आहे, पाचवं. तुमच्याच मुलानं लिहिलंय.

ज्यांना शिबिराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. यंदा जानेवारीत अंबरनाथच्या साहेबलोकांच्या मंडळानं बदलापूर गावात घोडेस्वारीचं शिबिर काढलं. उस्तादांची घोडदळात जन्मभराची नोकरी. निवृत्त झाल्यावर साताऱ्याकडं न जाता काकूंच्या माहेरी, इथं गावात राहिले. मंडळानं त्यांना बोलावलं. चार घोड्या आणल्या, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून. चारही वरातीच्या. नवरदेव पाठीवर घेऊन बाजाच्या तालावर नाचायची त्यांना सवय. सगळ्यात मोठी, पांढरी, ती लैला. तिचा सिंधी मालक सोडायला आला तेव्हा उस्तादांना म्हणाला होता, "साईं, बाजा बजेगा तो नाचेगी. बाजा बंद, तो गाय है, गाय." 

आम्ही हसलो. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी ते लक्षात ठेवलं.

मी विठ्ठलवाडीच्या चाळीतला. घरून निघायचो टायपिंगच्या क्लासला आणि यायचो इथं. घोड्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. कारण वेगळं होतं आणि ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. ते कारण आत्ता खिडकीजवळ तिसऱ्या खुर्चीत बसलंय. नाव घेत नाही. तिचे वडील या सभेचे अध्यक्ष आहेत, म्हणून घेत नाही.

साहेब, थांबा. मला पुरतं बोलू द्या. तुमच्या मुलीनं काहीही केलेलं नाही. ती फक्त हसली होती. हसले तर सगळेच.

पहिल्या दिवशी उस्तादांनी आम्हाला घोड्यावर बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवस नाही! आधी घोड्याजवळ जायला शिका. डाव्या खांद्याकडून. जायच्या आधी बोला. "आरं, मागनं जाऊन तुझ्या कुल्ल्यावर कुणी हात ठेवला तर तू काय करशील? मग तिनं लाथ घातली तर तिचं काय चुकलं?" मग खरारा करायला शिका. मग खूर उचलून साफ करायला शिका. साहेबलोकांची मुलं नाक धरून खूर साफ करायची. एकानं अत्तर लावलं होतं, त्याला नदीवर पिटाळला. "घोडीला तुझा वास कळू दे, बाटलीचा नको." 

आता हे ज्याला लागायचं त्याला लागू दे. गेला महिनाभर तुम्ही जे कुजबुजताय ना, की दफेदार त्या दिवशी सकाळीच घेऊन आले होते, ते मी दवाखान्याच्या जिन्यात ऐकलंय, पानाच्या टपरीवर ऐकलंय, आणि आज चपला काढताना याच दारात ऐकलंय. काकूंच्या पाठीमागे दोन हातांवर. जो माणूस अत्तर चालू द्यायचा नाही, तो घोडीजवळ दारू पिऊन जाईल? डोकी आहेत का खोकी?

बरं. मग खोगीर. इथं माझं सगळं अडकलंय, म्हणून नीट ऐका.

खोगीर पाठीवर ठेवायचं आणि पोटाखालून पट्टा आवळायचा. त्या पट्ट्याला तंग म्हणतात. पहिल्यांदा मी तंग आवळला, छान घट्ट बसला, मी ऐटीत उभा राहिलो. उस्ताद म्हणाले, "झाला?" 

मी म्हटलं, "झाला की."

"दहा पावलं चालव तिला."

चालवली. उस्तादांनी तंगाखाली बोटं घातली. दोन नाही, पंजाच आत गेला.

"बघितलंस? तंग बघितला की ती पोट फुगवती. श्वास धरून हुभी ऱ्हाते, चेहरा असा की ह्या गावचीच न्हवं. तुला वाटतं झाला. तू वर बसतोस, ती श्वास सोडती, खोगीर फिरतं, आन् तू तिच्या पोटाखाली. म्हणून दहा पावलं. मग दुसरा तंग. दुसऱ्याबिगर रिकिबीत पाय टाकायचा न्हाई. मी टाकला तरी मला खाली वढायचं."

पुढचे तीन महिने, रोज, प्रत्येकाला हाच प्रश्न. "दुसरा झाला?" आणि आम्ही पंधरा जण ओरडायचो, "झाला, उस्ताद!" मग ते यायचे आणि तरीही बोटं घालून बघायचे. दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत, तिसरं नाही. डॉक्टरांचा बघायचे, साहेबांच्या मुलांचा बघायचे, माझा तर दोनदा बघायचे. कुणाच्याही 'झाला'वर त्या माणसानं कधी विश्वास ठेवला नाही.

एकदा सोडून.

त्याच्या आधीचं सांगतो. शिबिर संपायला आठवडा होता. मी एक पत्र लिहिलं. हातात द्यायची हिंमत नव्हती. तिच्या पाळीला लैला असायची. मी हुशारी केली. पत्राची घडी करून लैलाच्या खोगिराखालच्या कापडात ठेवली. म्हटलं, ती खोगीर काढेल, खरारा करेल, तेव्हा तिला सापडेल. मला वाटलं, काय डोकं लढवलंय!

त्या दिवशी उस्तादांनी पाळ्या बदलल्या. लैलावर अर्धा तास डॉक्टरसाहेब बसले. वजन तुम्ही बघताच आहात. खोगीर काढलं तर घोडीच्या पाठीवर घडीएवढा लालभडक चट्टा. आणि घामानं ओलं झालेलं माझं पत्र.

उस्तादांनी पत्र उघडलं. वाचलं नाही. मला पुढं बोलावलं. पंधरा जण गोल उभे. म्हणाले, "हे तिच्या पाठीला टोचलंय. तवा तिलाच वाचून दाखव."

मी म्हटलं, "उस्ताद, नको."

"वाच. मोठ्यानं. ती कान देती का बघू."

मी वाचलं. घोडीच्या तोंडासमोर उभं राहून वाचलं. काय लिहिलं होतं ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांना पाठ आहे, स्टेशनावर मला बघून म्हणून दाखवता तुम्ही. 'तुझ्याशिवाय मी लगाम तुटलेला घोडा आहे.' त्या वाक्याला लैलानं शेपटी वर केली आणि लीद टाकली. एक जण जमिनीवर बसून हसला. आणि ती, खिडकीजवळची, रुमालानं डोळे पुसत हसत होती. मी तिला कधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगू? सुंदर दिसत होती. अजून ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मला लाज वाटली पाहिजे ना? वाटते. पण जात नाही.

उस्तादांनी मग मला हळद आणि तेल दिलं आणि लैलाच्या चट्ट्याला लावायला लावलं. सॉरी वगैरे काही नाही. त्यांच्या लेखी घोडीची पाठ हा एकच विषय होता. माझं काळीज वगैरे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

त्या दिवशी माझी सटकली. त्या दिवशी मी ठरवलं. या माणसाला असंच हसं होताना मला बघायचंय. लोकांत. तिच्यासमोर.

काकू, तुम्ही ऐकताय. मला माहीत आहे. मी थांबणार नाही, आणि मला माफ करा असंही म्हणणार नाही, कारण ते म्हणणं स्वस्त आहे.

शेवटचा रविवार. पालकांसमोर प्रात्यक्षिक. नऊचं ठरलं होतं, पण टीव्हीवरची मालिका बुडायला नको म्हणून तुम्ही साडेदहा केलं. उस्तादांनी एकच गोष्ट मागितली होती. आठवतं, अध्यक्षसाहेब? हात जोडून म्हणाले होते, "साहेब, बाजा नको." तुम्ही म्हणालात, "अहो दफेदार, कार्यक्रमाला जरा शोभा नको का?" शाळेचा बँड आणलात. मग तडजोड झाली, की घोड्या बाजूला गेल्यावरच वाजवायचा.

सकाळी उस्तादांनी मला बोलावलं. परीटघडीचा खाकी शर्ट, बुटांना पॉलिश. सगळ्यांदेखत म्हणाले, "आज लैलावर मी बसणार. खोगीर हा घालील. आन् आज मी बघणार न्हाई. ह्यो शिकलाय आता."

मला वाटलं, टोमणा मारताहेत. देवाशपथ सांगतो, मला टोमणा वाटला.

मी खोगीर घातलं. पहिला तंग आवळला. लैला पोट फुगवून उभी, चेहरा भोळा. मी तिला दहा पावलं चालवलं. थांबवलं. तंगाला हात लावला. मग समोर पाहिलं. ती खुर्चीत बसली होती, आणि शेजारी कुणीतरी तिला काहीतरी सांगत होतं आणि ती हसत होती. कशाला, मला काय माहीत! मला वाटलं, पत्रालाच.

मी तंगावरचा हात काढला.

पोलिसांना मी सांगितलं, तंग आवळलेला होता, कसा सैल पडला ठाऊक नाही. घरी सांगितलं, विसरलो असेन. दोन्ही खोटं. मी विसरलो नव्हतो. मला एवढंच हवं होतं की खोगीर थोडं फिरावं, म्हातारा मातीत बसावा, पॉलिशच्या बुटांना धूळ लागावी आणि लोक हसावेत. तेवढंच. माझ्या डोक्यात चित्र तेवढंच होतं.

उस्ताद आले. लैलाच्या मानेवर हात ठेवला. माझ्याकडं न बघता विचारलं, "दुसरा झाला?"

मी म्हटलं, "झाला."

'उस्ताद' म्हटलं नाही. तेवढी एकच खूण होती.

ते ओट्यावर चढले, अलगद रिकिबीत पाय टाकला, बसले. क्षणभर थांबले. मग लैलाला चालवत मैदानात नेली. पहिली फेरी चाललं. अगदी सरळ बसले होते, काचेचं भांडं नेल्यासारखे. मला तर वाटलं, माझा डाव फुकट गेला.

आणि फाटकातून कार्यक्रमाचे पाहुणे आले. उशिरा. पाहुणे दिसले म्हणून कुणीतरी बँडला हात केला. कुणी केला ते विचारत नाही. ज्यानं केला त्याला ठाऊक आहे, आणि तो हात आत्ता कुठल्या टेबलावर आहे तेही त्याला ठाऊक आहे.

बाजा वाजला. लैलानं मान वर केली आणि नाचायला लागली. वरातीची चाल. पुढचे दोन पाय उचलून, डावीकडं, उजवीकडं. आणि तुम्ही हसलात. सगळं मैदान हसलं. कुणीतरी ओरडलं, "अरे, नवरदेव आला!" टाळ्या पडल्या. मीसुद्धा हसलो. मला हवं होतं तेच चाललं होतं ना!

खोगीर हळूहळू तिरकं झालं. भिंतीवरचं कॅलेंडर सरकावं तसं. उस्ताद बाजूला गेले, मग खाली गेले, आणि एक पाय रिकिबीत अडकला. तुम्ही तरी हसतच होतात. बँडच्या पोरांच्या पुढं गर्दी होती, त्यांना काही दिसत नव्हतं, ती वाजवत राहिली. आणि बाजा चालू आहे तोवर लैला थांबत नाही. घोडी त्यांच्या अंगावर नाचली, लोकहो. तिला तेच शिकवलंय. ताल सुटू दिला नाही तिनं.

काकू धावत आल्या तेव्हा बाजा थांबला. आधी नाही.

आता तीन आठवडे दवाखाना. कमरेचं हाड गेलं, बरगड्या गेल्या, मग छातीत पाणी झालं. मी रोज पेज घेऊन जायचो. उस्ताद डोळे उघडायचे, माझ्याकडं बघायचे आणि एकच शब्द विचारायचे. "झाला?"

काकू म्हणायच्या, "झाला हो, चहा झाला त्याचा. घेऊन आलाय पोरगा." काकूंना वाटायचं, माझ्या चहाची चौकशी करताहेत. इतक्या दुखण्यात माझ्या चहाची! नर्सला कौतुकानं सांगायच्या. मी मान हलवायचो. रोज. दुसरं एक अक्षर ते माझ्याशी बोलले नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रोज फक्त, "झाला?"

शेवटच्या दुपारी काकू औषध आणायला खाली गेल्या. उस्तादांनी विचारलं, "झाला?"

मी म्हटलं, "नाही, उस्ताद. नव्हता झाला. मी मुद्दाम ठेवला."

ते म्हणाले, "म्हाईत हाय."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"बुड टेकलं तवाच. मांडीला कळतं रं."

मग उतरला का नाहीत? मी ओरडलो. दवाखान्यात ओरडलो. वरूनच आवळायचा होता! खाली ओढायचं होतं मला, चाबूक मारायचा होता!

ते थांबत थांबत बोलले. "सगळी बघत हुती. ती पोरगी बी बघत हुती. म्या सांगितलेलं, ह्यो शिकलाय. उतरून तंग आवळला असता तर तू खोटा पडला असतास. एकदा तुझं हसं केलं म्या. दुसऱ्यांदा नको वाटलं. म्हणलं, बाजा न्हाई, निभंल."

बाजा नाही, निभेल.

मी उठलो. पळतच सुटलो म्हणा. माझ्या पाठीवर त्यांचा आवाज आला. "दार वढून घे. वारा लागतो."

तेही मी केलं नाही. दार उघडं टाकून गेलो. त्याच संध्याकाळी ते गेले. शेवटचं सांगितलेलं कामसुद्धा मी केलं नाही.

संपलंच माझं. दोन गोष्टी राहिल्या.

साहेब, तुमच्या हातात शोकप्रस्ताव आहे. मी तो बाहेर फळ्यावर वाचला. 'वयोमानानुसार तोल जाऊन झालेल्या अपघातात.' खोडा ते. त्यांचा तोल गेला नव्हता. त्या मैदानात त्या दिवशी तोल असलेला माणूस एकच होता. माझं नाव लिहा, मी स्पेलिंग सांगायला थांबत नाही, हजेरीपटावर आहे. बँडचं लिहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुमची मुलगी बघते आहे. माझ्यासाठी उस्ताद खाली उतरले नाहीत. तुम्ही तिच्यासाठी खरं लिहिता का, बघू.

मी इथून पोलीस चौकीवर चाललोय. आधीचा जबाब बदलायला. कुणी सोबत यायची गरज नाही. पाटीलकाका, तुम्ही तर नकोच.

आणि तू. ते पत्र तुला होतं. आज तुझ्यासाठी माझ्याकडं काही नाही. बघायचं असेल तर काकूंकडं बघ.

काकू, चहाची चौकशी नव्हती ती. आता तुम्हाला कळलं. शिव्या द्यायच्या तर मी चौकीवर आहे.

आता दोन मिनिटं उभं राहायचं आहे आपण सगळ्यांनी. मी तुमच्यात उभा राहणार नाही, मला तो हक्क नाही. मी निघतो, आणि जाताना हे दार ओढून घेतो. आवाज होईल. तो आवाज आला की तुमची दोन मिनिटं सुरू करा. कुणी बाजा वाजवू नका. आणि शेवटी साहेब विचारतील, "झाली का दोन मिनिटं?" तेव्हा उगाच "झाली" म्हणू नका. घड्याळात बघा. नीट बघा, आणि मग सांगा.

उस्ताद, दार ओढून घेतोय.